बारसं आणि शेवटचे वीस टक्के

आत्याशिवाय बारसं होत नाही, आणि ऋजुताच्या धाकट्या भावाची आत्या फलटणच्या चार्जिंग स्टेशनवर अडकून पडली होती.

बाळाचं नाव वैजूआत्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, अगदी ऋजुतालाही नाही. दुपारी बाराला दहिवडीत, ऋजुताच्या आजोळी, ती ते बाळाच्या कानातच सांगणार होती. पण दोघी पुण्याहून इथवर येईपर्यंत गाडीतली वीज संपत आली. पुढे मोगराळे घाट, आणि समोर एकच जलद चार्जर. त्यालाही फलटणच्याच शेंडेकाकांची गाडी जोडलेली.

शेंडेकाका गाडीत निवांत शब्दकोडं सोडवत बसले होते. ऋजुता चार्जरच्या पडद्याकडे टक लावून उभी होती. मघाशी आकडा भराभर ऐंशी टक्क्यांपर्यंत चढला, आणि आता ब्याऐंशीवर जो अडला तो काही केल्या हलेना.

"चार्जर बिघडला वाटतं," ती म्हणाली.

"उगाच नावं ठेवू नकोस. ठणठणीत आहे तो," मागून आवाज आला. नगरपालिकेचा यंत्रमानव होता. गावाने त्याचं नाव बंडोपंत ठेवलं होतं. "ताई, तू कधी नाटकाला गेलीयस?"

"गेलेय की."

"दार उघडल्यावर पहिले लोक कसे बसतात?"

"दिसेल त्या खुर्चीवर. पटापट."

"आणि शेवटचे?"

"चाचपडत. सरका जरा, सरका जरा, म्हणत."

"बॅटरीत तेच चालतं. चार्जिंग म्हणजे लिथियमच्या आयनांना (विजेचा भार असलेल्या अतिसूक्ष्म कणांना) बॅटरीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेऊन बसवायचं. तिथे ग्राफाइटच्या (पेन्सिलीच्या शिशात असतो त्याच पदार्थाच्या) थरांमध्ये त्यांच्या खुर्च्या असतात. आधी सगळ्या रिकाम्या, नंतर शोधाव्या लागतात. घाईने ढकललं तर आयन दारातच साचतात आणि बॅटरी खराब होते. म्हणून ऐंशीच्या आसपास गाडी स्वतःच म्हणते, आता हळू द्या."

ऋजुताला पटलं, पण घड्याळ थोडंच थांबणार होतं? "मग काकांना उठवा ना."

"तसा नियम नाही. आधी येईल त्याचा मान."

ती स्वतःच काकांच्या खिडकीपाशी गेली. "काका, तुम्हाला लांब जायचंय का?"

"छे. मंडईत भाजी घ्यायची आणि घरी."

"मग अजून किती भरताय?"

"पूर्ण. पेट्रोलची गाडी होती तेव्हाही टाकी फुल केल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, बाळ."

"बंडोपंत, मंडईत चार्जर नाहीये का?"

"आहेत की, संथ चार्जर. धूळ खात पडलेत. आयन थोडे थोडे येतात आणि सावकाश बसतात. उभ्या गाडीला उत्तम, पण सगळ्यांना जलदच हवा असतो."

मग ऋजुताने काकांना बारशाचं सांगितलं. काकांनी पेपराची घडी घातली. "पाळण्याशी आत्याची वाट बघतायत आणि मी इथे कोडी सोडवतोय होय? आधी नाही का सांगायचं?" असं म्हणत ते मंडईकडे निघालेसुद्धा.

आत्याची गाडी जोडली. आकडा पळत सुटला. तो ऐंशीवर येताच ऋजुताने केबलवर हात ठेवला.

"राहू दे गं अजून थोडं," आत्या म्हणाली. "घाट आहे मधे. मला धाकधूक वाटते."

धाकधूक ऋजुतालाही वाटत होती. "बंडोपंत, घाट चढून दहिवडीला जायला किती वीज लागेल?"

"याच्या निम्मीही लागणार नाही."

मागे एक दुधाचा टेम्पो चार्जिंगसाठी येऊन उभा राहिला होता. आत्याने त्याच्याकडे पाहिलं, मग आकड्याकडे. "काढ," ती म्हणाली.

त्या पोचल्या तेव्हा पाळण्याला शेवटचा हार बांधत होते. आत्या पाळण्याशी वाकली आणि थांबली. "ऋजू, इकडे ये. तू नसतीस तर मी अजून तिथेच असते." तिने ते नाव आधी ऋजुताच्या कानात सांगितलं. "आता तू सांग त्याला."

ऋजुताने बाळाच्या इवल्याशा कानाला तोंड लावलं. नाव सांगितलं आणि मग पुढेही कुजबुजत राहिली. तू मोठा होशील तोवर शेवटच्या माणसालाही पटकन खुर्ची मिळेल अशी बॅटरी मी शोधून काढणार आहे, असं काहीबाही.

"अगं, केवढं लांबलचक नाव ठेवलंय?" आजीने विचारलं.

"नाव मिहिर एवढंच आहे," आत्या हसत म्हणाली. "बाकीचं त्या दोघांमधलं."