जवळ सरकलेली सात घरं

"ताई, आमचं घर चालायला लागलंय का?" फोनवरची नर्स विचारत होती. "गेल्या वर्षी ते शाळेपासून तीन किलोमीटर शंभर मीटर होतं. यंदा दोन किलोमीटर आठशे. पोरीचा बसपास रद्द झालाय."

बस कार्यालयातल्या तपासनीस बाईंनी नियमांचा कागद पुढे ओढला. मोफत बस तीन किलोमीटरच्या पुढे राहणाऱ्यांनाच, आणि यादी आज पाचला पक्की होणार. नर्सची ड्यूटी सकाळी सहाची. पास गेला तर आठ वर्षांची पोर एकटीच हमरस्ता ओलांडणार. टेकडीवरच्या तिच्या ओळीतल्या सातही घरांना हेच पत्र गेलं होतं.

बाईंना खुर्चीत बसवेना. त्यांनी घरांची अंतरं मोजणाऱ्या मोजणीदाराला गाठलं.

"चुकलास कुठे?"

"छे. जवळच्या फाटकापर्यंत मोजायचं, तसंच मोजलं. शाळेचं मागचं फाटक सताड उघडं होतं."

"तू येणार हे कुणाला ठाऊक होतं?"

"आदल्या दिवशी गेटवर फोन केला होता, तेवढंच."

बाई तडक शाळेत गेल्या. मागच्या फाटकाला गंजकं कुलूप होतं. बिजागऱ्यांवर मात्र ताजं तेल. खालच्या मातीत फाटक घासल्याची एकच अर्धगोल रेघ.

"हे कधी उघडतं, काका?"

"चार वर्षांत नाही, मॅडम," वॉचमन घाईनं म्हणाला.

"किल्ल्या कुणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक हेडबाईंकडे."

हेडबाई वैतागलेल्याच होत्या. "बस भरलेली. प्रतीक्षायादीतले पालक रोज माझं डोकं खातात. जागा झाल्या तर मला बरंच आहे."

भिंतीवर ती प्रतीक्षायादी होती. सात मुलं, पत्ते, पालकांचे फोन. बाईंनी ती दोनदा वाचली आणि वॉचमनला आत बोलावलं.

"फाटक एकदाच उघडलं, मोजणीच्या दुपारी. म्हणजे मोजणीची खबर असलेल्यानंच उघडलं. हेडबाईंना चार जागा झाल्या काय नि पाच काय, सारखंच. पूर्ण सात हव्या होत्या त्या सातव्या मुलाच्या माणसाला. टेकडीवरची किती मुलं बसमधून उतरतात हे गेटवर रोज तुम्हीच बघता, काका. आणि सातव्या मुलीपुढे पालकाचा म्हणून गेटचाच फोन लिहिलाय."

वॉचमननं किल्ली टेबलावर ठेवली.

"नात आहे माझी. पाच किलोमीटर चालत येते. तुमच्या नियमात बसते, पण गाडीत जागा नाही म्हणतात. मी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं."

"त्या सात पोरांनी काय करायचं होतं?"



पाचला दहा मिनिटं कमी होती. रोज न उघडणारं फाटक मोजणीत धरायचं नाही, असा शेरा मारून बाईंनी सातही पास परत दिले. नर्सला फोन केला. ती रडायलाच लागली.

"आणि माझी नात?" वॉचमननं विचारलं.

बाईंना त्याचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःच्याच कार्यालयाचा.

"सातव्या नंबरवर," त्या म्हणाल्या. "होती तिथेच."