पाहुण्यांसमोर धावणारं कार्ड

माएस्त्रो अब्दियास सुल्का दारात येऊन उभा राहिला, तेव्हा नेलिदा वार्काया कॉफीत पाव बुडवत होती. त्याचा चेहरा पाहताच तिने बशी बाजूला सारली.

"बसा, माएस्त्रो. चोरी झालीय, की तुम्हाला चोर ठरवलंय?"

"चोर ठरवलंय," तो म्हणाला. "उद्या सकाळी अकराला माझा गाळा जातो."

नेलिदाने बावीस वर्षं एका विमा कंपनीसाठी खरेखोटे दावे पारखले होते. निवृत्तीनंतर लिमाच्या टेकड्यांवरची माणसं आपल्या गाठी सोडवायला तिच्याकडे येत. रविवारच्या प्रवचनात गाण्याचा गजर झाला नाही, तर तिला देव अर्धाच भेटल्यासारखं वाटे. आणि माणूस निरपराध असेल, तर देव कुठेतरी खूण ठेवतोच, असा तिचा पक्का विश्वास. सोबतीला दीर मेलितोन. आयुष्यभर मिनीबस चालवलेला हा भला गृहस्थ प्रत्येक गुन्हा तिच्याआधी उकलायचा आणि प्रत्येक वेळी चुकायचा.

अब्दियासने हकीकत सांगितली. शहरातल्या कॉम्प्युटर बाजारात एकोणीस वर्षं त्याचा दुरुस्तीचा गाळा होता; सगळे त्याला माएस्त्रो, म्हणजे उस्ताद, म्हणत. गेल्या आठवड्यात यादिरा तिन्ताया नावाची मुलगी आपला गेम खेळायचा कॉम्प्युटर घेऊन आली. तिला नवं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्रं रंगवणारा भाग, हवं होतं. त्याने दोन कार्डं पुढे ठेवली. एक लहान, थंड स्वभावाचं, बेताच्या ताकदीचं. दुसरं तीन पंख्यांचं, वापरलेलं पण दणकट. हे तापट आहे, याला मोकळी हवा लागते, असं त्याने बजावलंही होतं. तिने तेच निवडलं.

"कार्ड बसवलं, झाकणाचा स्क्रू आवळला आणि त्यावर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा थेंब टाकला. ती माझी मोहोर, झाकण उघडलं तर तुटते. मग तासभर सगळ्या ओळीसमोर गेम चालवून दाखवला. पाण्यासारखा वाहत होता."

"आधी मोहोर, मग तासभर गेम?" नेलिदाने विचारलं.

"नेहमी तसंच करतो."

चौथ्या दिवशी यादिरा रडत परत आली. घरी पाव तास बरं चालतं, मग चित्र अडखळतं. माएस्त्रोने कार्ड बदललं, असा व्हिडिओ तिने टाकला आणि बाजारभर तो फिरला. आता गाळेवाल्यांची सभा निकाल देणार होती.

मेलितोनने गाडी सुरू करता करताच चोर पकडला. "वहिनी, कॉम्प्युटर घरी कुणी नेला ते विचारा."

नेला होता यादिराचा चुलतभाऊ एदिल्बेर्तो याने, आपल्या तीनचाकी मोटोटॅक्सीतून. तो थांब्यावर भेटला. वाटेत कुठे थांबलोच नाही, आणि यादिरा सगळा वेळ पेटी मांडीवर घेऊन बसली होती, असं त्याने सांगितलं. मेलितोन डोळे बारीक करून बघत राहिला, तेव्हा तो हसला. "काका, मी चोरलं असतं, तर रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन कशाला खेळलो असतो? माझ्यासमोर मस्त चालतं की ते."

नेलिदा थबकली. "तुझ्यासमोर चालतं?"

"लोण्यासारखं."

यादिराचं घर टेकडीवर, दीडशे पायऱ्या चढून. बाहेर थंडीतलं धुकं भुरभुरत होतं, भिंतींना ओल सुटली होती. तिची आई, सेन्योरा सातुर्निना, डोंगराकडची. घरात शिरताच मेलितोनला मेंढ्यांच्या कळपात आल्यासारखं वाटलं. गॅसच्या टाकीला लोकरीचा झगा, मिक्सरला टोपी, रेडिओला शाल. पाहुणे पाहून बाईंनी लगबगीने कॉम्प्युटरवरून काहीतरी ओढलं, काखेत मारलं आणि दिवे लावले. निळ्या-जांभळ्या उजेडात पेटी लखलखली.

नेलिदाने यादिराला खेळायला सांगितलं. उकडलेले बटाटे आणि चीज खाऊन झालं, चाळीस मिनिटं गेली. गेम एकदाही अडखळला नाही. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "दोन्या नेलिदा, शपथ घेते, कुणी आलं की हे चालतं. मी एकटी असले की अडतं."

"पोरीला पैसे परत हवेत," मेलितोन कुजबुजला.

"भावजी, बटाटा खा."

नेलिदा वाकली. स्क्रूवरचा लाल थेंब अखंड होता. मागच्या जाळीतून तिने हिरव्या लोकरीचे चार धागे उपसले आणि रुमालात ठेवले. मग आईला विचारलं, हा गारठा सोसतो का?

"माझं राहू द्या, मामिता. या घरात लोखंडालाही घाम फुटतो. जे महागाचं, ते मी आधी झाकते."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी आठला नेलिदाने सगळ्यांना त्याच खोलीत जमवलं. एदिल्बेर्तोने अब्दियासला आणलं. यादिराने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"माएस्त्रोने मोहोर आधी लावली आणि गेम नंतर चालवला," नेलिदा म्हणाली. "मोहोर अजून शाबूत आहे. म्हणजे बाजारात तासभर धावलं, तेच कार्ड या पेटीत आहे. चोरी झालीच नाही."

"मग अडतं कसं?" यादिराने विचारलं.

"तुझ्या भावासमोर अडत नाही, आमच्यासमोर अडलं नाही. पाहुणा आल्यावर या घरात काय बदलतं? सेन्योरा, काल काखेत मारलेली ती हिरवी वस्तू जरा आणता?"

लोकरीची जाड खोळ आली. पुढे बटणापुरतं भोक, बाकी तिन्ही बाजूंनी घट्ट. नेलिदाने ती पेटीवर चढवली आणि मुलीला खेळायला बसवलं. सतराव्या मिनिटाला चित्र अडखळलं. खोळ काढली, आणि थोड्या वेळाने ते पुन्हा सुरळीत झालं.

"जुनं कार्ड गरीब होतं, त्याने खोळ सोसली. हे तापट. कोंडलं की जीव वाचवायला पाय आखडता घेतं, धिमं होतं. दिवे दिसावेत म्हणून पाहुण्यांसमोर खोळ निघते, पाहुणे गेले की पुन्हा चढते. आणि जन्मापासून झाकलेल्या घरात वाढलेल्या पोरीला ती दिसतच नाही."

सातुर्निना खुर्चीच्या कडेवर बसली. "त्याला सर्दी होऊ नये म्हणून विणली मी. तीन रात्री."

कुणी हसलं नाही. अब्दियासने खोळ हातात घेऊन टाके निरखले. "मामिता, काम सुरेख आहे. फक्त बंद असताना घाला."

यादिराने माफी मागितली आणि नवा व्हिडिओ टाकायला फोन उचलला. आईने तिचा हात धरला. "तो मागून टाक. माणसाचं चांगलं नाव तोंडाने घेतलंय, तर तोंडानेच परत द्यावं. मला घेऊन चला."

अकराच्या सभेत साठेक गाळेवाले होते. सातुर्निना झगा सावरत पुढे गेली आणि अब्दियासशेजारी उभी राहिली. आवाज बारीक होता, पण मागच्या ओळीपर्यंत पोचला.

"या माणसाने काही घेतलं नाही. चोरी मी केली. मी वारा चोरला." मग तिने सगळं सांगितलं, सर्दीसकट.

हशा उसळला, पण त्यात टोचणारं काही नव्हतं. अध्यक्षांनी विचारलं, गाळा काढून घ्यावा असं कुणाला वाटतं? एकही हात वर आला नाही. मेलितोनने तर आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

शहराची रीत सातुर्निनाला ठाऊक नव्हती. निकाल लागला हे न कळून ती साक्षीदारासारखी ताठ उभीच राहिली. अब्दियास आपल्या गाळ्याकडे गेला, दिवा लावला आणि एकोणीस वर्षं स्वतः बसत आलेली खुर्ची उचलून तिच्यासाठी घेऊन आला.