वेगळी वाटी

चीनमधल्या फुचौ शहरात एका इस्पितळासमोर माशांच्या गोळ्यांच्या सुपाचं दुकान होतं. पाऊस चुकवायला लोक आत दाटीवाटीने बसले होते. तपासणीसाठी उपाशीपोटी रक्त देऊन आलेल्या युनशीने कोपऱ्यातली जागा धरली आणि पिशवीतून स्वतःची वाटी नि चॉपस्टिक्स काढल्या.

"दुकानदाराच्या भांड्यांवर एवढा राग?" समोरच्या बाकावर बसत एकाने विचारलं. केस भिजलेले, मांडीवर मोगऱ्याच्या चहाचं पुडकं.

"राग नाही. सवय."

"छान सवय आहे. उद्यापासून मी माझं बाकडं घेऊन येतो."

ती हसली. हसायचेसुद्धा कष्ट पडावेत, इतकी ती दमली होती.

त्याचं नाव लाई बोवन. मागच्या गल्लीत त्याचं चहाचं दुकान होतं. पुढच्या तपासणीला तो पुन्हा भेटला, त्याच्या पुढच्यालाही.

"योगायोग फार होतायत," ती म्हणाली.

"योगायोग कसला? गेल्या खेपेला तूच तारीख सांगितलीस... मी फक्त विसरलो नाही."

इस्पितळात कशाला येतेस, हे मात्र त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

हिवाळ्यात एकदा त्याच दुकानात तो जरा अडखळत म्हणाला, "रविवारी घरी येशील? आई शेगडीवर मोठं पातेलं ठेवते. सगळे त्यातूनच खातो — भांडत, एकमेकांचे घास पळवत."

युनशीचा हात वाटीवर थांबला. आजच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की इतकी वर्षं घेतलेल्या गोळीला विषाणू आता जुमानत नाही. "मी एकही गोळी चुकवली नाही हो," ती कळवळून म्हणाली होती. "चूक तुझी नाही," बाई म्हणाल्या होत्या. "विषाणू स्वतःच्या प्रती काढताना बदलतो. एखादा बदल त्याला गोळीपासून वाचवतो. आता दुसरी गोळी सुरू करू."

पुन्हा पहिल्यापासून. तिला वाटलं, निदान याच्यापासून लपवण्याचे कष्ट तरी आता नकोत.

"मला हेपटायटिस बी आहे. जन्मापासून. जुनं औषध लागू पडेनासं झालंय, सोमवारी नवं घ्यायला यायचंय." ती वाटीकडे बघत म्हणाली. "म्हणून ही वाटी. घरी आई अजून माझी भांडी वेगळी उकळते."

त्याने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. बाहेर पागोळ्या गळत होत्या. आता उठेल, तिला वाटलं...

"पण हे खाण्यातून पसरत नाही ना?"

"नाही. रक्तातून पसरतं. आणि..." तिचे कान तापले. "आणखी एका मार्गाने."

"त्याला लस असते ना?"

"असते. आधी रक्त तपासून घ्यायचं."

"मग सोमवारी तुझ्या रांगेत मीही उभा राहतो," तो म्हणाला. "तेवढीच जास्त भेट."

त्याने सरळ तिच्या वाटीतला गोळा उचलून तोंडात टाकला. ती दचकली. वाटी मागे ओढायला उशीर झाला होता.

"बोवन! वेडा आहेस का?"

"गरम आहे," तो पोळलेल्या तोंडाने म्हणाला आणि आपला वाडगा तिच्याकडे सरकवला. "आता तुझी पाळी. रविवारचा सराव नको?"

खाण्यातून पसरत नाही, हे तिला पाठ होतं. हाताला मात्र ते कुणी शिकवलं नव्हतं. चॉपस्टिक्स त्याच्या वाडग्यावर थबकल्या... मग सुपात बुडाल्या.

"सगळ्यात मोठा घेतलास," तो म्हणाला.

"घेणारच," युनशी म्हणाली. आपली वाटी पुसून तिने पिशवीत ठेवली. "रविवारी किती वाजता येऊ?"