ठोका शिकवणाऱ्या डॉक्टर

या मंडळी, जरा पुढं सरकून बसा. एका हृदयाची कथा सांगतो. मधेच उठावंसं वाटणार नाही, एवढा शब्द देतो.

मिरजेच्या प्रयोगशाळेत डॉ. शशिकला दाभोळे काचपात्रात पेशींपासून हृदयं वाढवत. पण वाढवलेलं हृदय नुसतंच थरथरतं. ठोका त्याला शिकवावा लागतो. म्हणून डॉक्टर रोज सकाळी स्वतःच्या छातीला तारा लावून पात्राशेजारी बसत. चाळीस दिवसांत हृदय त्यांचा ठोका उचले. अठरा वर्षांत अशी दीडशे हृदयं त्यांनी रोग्यांना बसवली.

एकदा मात्र नवं हृदय दर सातव्या ठोक्याला अडखळू लागलं.

"पात्र बिघडलंय," डॉक्टर म्हणाल्या.

त्यांचे सहकारी शल्यविशारद फैयाज मुजावर यांनी आलेख पुढं केला. "पात्र ठीक आहे, मॅडम. विद्यार्थीही हुशार आहे. चुकतेय ती मास्तरीण."

तपासणीत तेच निघालं. डॉक्टरांच्याच हृदयाचे जेमतेम तीन महिने उरले होते. आता नवं हृदय त्यांच्यासाठीच वाढवायचं होतं.

"नव्या हृदयाला माझा ठोका देऊ?" फैयाजनी विचारलं.

"वर्षानुवर्षं अजमावलेला ठोका एकच, माझा. आणि तोच आता माझ्यापाशी नाही."

"मग ज्यांच्यापाशी आहे, त्यांना बोलावू."

पहिलं हृदय मिळालेल्या बांगडीवाल्या अनुसयाबाई आल्या. "तुमचंच हाय, घ्या की माघारी," म्हणत चाळीस दिवस पात्राशेजारी बसल्या.

नव्या हृदयाचा आलेख डॉक्टरांच्या जुन्या आलेखाशी जुळला. एका जागी मात्र लय धावत होती.

"हे माझं नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"हृदय छातीत गेल्यावरही शिकत राहत असणार," फैयाज म्हणाले. "अनुसयाबाई, अठरा वर्षं काय केलंत?"

"बांगड्या भरल्या, आन् कीर्तन ऐकलं. एक दिस चुकवला न्हाई."

देवळाची पायरी कधी न चढलेल्या डॉक्टर हसल्या. "धोका नाही ना? मग बसवा."

दोन महिन्यांनी त्या फैयाजबरोबर फिरायला निघाल्या होत्या. वाटेवरच्या देवळात गजर सुरू झाला आणि त्यांचं हृदय टाळांबरोबर धावू लागलं. डॉक्टर थबकल्या, नाडी धरून घड्याळात पाहत राहिल्या.

"त्रास होतोय?" फैयाजनी विचारलं.

"छे. जवळून निरीक्षण करायला हवं," म्हणत त्यांनी चपला काढल्या.

डॉक्टरांचं नाव प्रयोगशाळेच्या दारावर आहेच. तुम्ही गजराला टाळी वाजवाल, तेव्हा अनुसयाबाईंची तेवढी आठवण ठेवा.