काचेच्या टाकीतलं पाणी

ही हकिगत खरी आहे. कुणाला पटवून द्यायचा माझा हट्ट नाही.

एवढंच सांगते, की जिच्यावर हे बेतलं ती जमुना म्हणजे माझी आजी. आणि जी वाचली ती गोजरा म्हणजे माझी आई. दोघींपैकी एकीनंही ही गोष्ट कधी रंगवून सांगितली नाही. विचारलं तरच सांगायच्या, आणि सांगता सांगता मधेच उठून कामाला लागायच्या.

साल १९६५. वैशाख महिना. गाव करावे.

नवी मुंबई हे नाव तेव्हा कुणी ऐकलंही नव्हतं. खाडी, खाजण, मिठागरं आणि खाडीच्या अंगाला कोळ्यांची कौलारू घरं. गोड्या पाण्याची विहीर गावाबाहेर, आणि वैशाखात तीही तळाला गेलेली.

भुतंखेतं रात्रीची येतात म्हणतात.

इथं जे झालं ते सगळं भर दुपारी झालं.

जमुनाच्या घरात तेव्हा तिघीच होत्या. जमुना, तिची सासू येसूबाई आणि सात वर्षांची गोजरा. नवरा हिरामण मुंबईला एका साहेबाच्या बंगल्यावर कामाला. महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. फाल्गुनात आला तेव्हा मासळीच्या होडीतून एक काचेची टाकी घेऊन आला. साहेब मुलूख सोडून चालला होता, टाकी टाकून देणार होता. चारी कडांना लोखंडी पट्ट्या, मधे जाड काचा, आणि दोन बोटभर लाल मासे.

गोजराला त्या माशांचं वेड लागलं.

मग चैत्र सरता सरता तिला ताप भरला.

साधा ताप नव्हता तो. उतरायचं नाव नाही. आठ दिवसांत पोरगी चिपाड झाली. बोलेना, हसेना. टाकीशेजारी तिची गोधडी अंथरली, की तेवढी मान वळवून माशांकडे बघत राहायची. डोळे तेवढे हलायचे.

जमुनानं मनाशी एक खूणगाठ बांधली. मासे जगले तर पोर जगेल.

येसूबाईनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पानी द्याचं नाय. तापात पानी दिलं का ताप पोटात शिरतो. ओल्या फडक्यानं ओठ पूस, सकाळ-संध्याकाळ दोन चमचे पेज दे. जास्त नाय."

जमुनानं मान हलवली. तिला हे बोल नवे नव्हते.

दोन वर्षांपूर्वी गावात पटकीची साथ आली होती. तेव्हा थोरली लेक भागीरथी गेली. नऊ वर्षांची. दुपारभर ती "आये, पानी... आये, पानी..." करत होती. जमुना तिच्या उशाशी बसून होती, हात मांडीखाली दाबून. पाणी द्यायचं नाही, असं सांगितलं होतं ना.

तिन्हीसांजेला भागीरथी मागायची थांबली.

त्यावर घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

तापाचा नववा दिवस. सकाळी येसूबाई मासळीची पाटी घेऊन बेलापूरला गेली. दुपारी विहिरीवर गर्दी नसते म्हणून जमुना हंडा घेऊन निघाली. परत आली, हंडा उतरवला, सहज टाकीकडे पाहिलं...

पाणी दोन बोटं खाली गेलं होतं.

सकाळी तिनंच काठोकाठ भरलं होतं.

टाकी गळायला लागली. सांधा सुटला तर एका रात्रीत सगळं पाणी जाईल. मासे जातील.

तिनं खाली हात फिरवून पाहिला. शेणानं सारवलेली जमीन...

कोरडी ठणठणीत.

उन्हाळा आहे, जमिनीनं शोषलं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. टाकी पुन्हा भरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दोन बोटं. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी ती दादूकडे धावली. दादू म्हातारा, पण होड्यांच्या फटी बुजवण्यात त्याचा हात धरणारा खाडीत कुणी नव्हता. त्यानं टाकी चारी बाजूंनी चाचपून पाहिली. काच आणि लोखंड यांच्या सांध्यात जुनं लुकण भरलेलं होतं. खिडक्यांच्या काचा बसवायला वापरतात तेच.

"सुकलंय," दादू म्हणाला. "नवीन भरू. पन दोन दिस रिकामी ठेवाला लागंल. ओल्यावर लुकन धरत नाय."

मासे झाकणाच्या हंड्यात गेले. दादूनं सुरीनं जुनं लुकण खरवडलं. खडूची पूड जवसाच्या तेलात मळून कणकेसारखा गोळा केला आणि अंगठ्यानं दाबत दाबत सगळे सांधे भरले. टाकी परत जागेवर ठेवली, सुकायला.

दोन दिवस गोजराची मान टाकीकडेच. रिकाम्या टाकीकडे.

ताप वाढला. ओठांना भेगा पडल्या. मासे दिसत नाहीत म्हणून पोरीनं हाय खाल्ली, असं जमुनाला वाटलं.

दुसऱ्या दुपारी ती विहिरीवरून परत येत होती. दाराशी पोचली आणि आतून आवाज आला...

टण... टण... टण...

काचेवर बोटाचं नख वाजवावं तसा.

ती आत शिरली. गोजरा गोधडीवर, हात पोटावर. दुसरं कुणी नाही. आवाज थांबलेला.

संध्याकाळी दादूनं बोटानं लुकण तपासलं. धरलं होतं. पाणी भरलं, मासे सोडले. आणि म्हातारा होता हुशार. त्यानं चुलीतली राख चाळून टाकीभोवती जमिनीवर पातळ पसरली.

"एक थेंब पडला तरी राखेत वन दिसंल. मग नक्की कुठं गळते ते कळंल."

दुसऱ्या दिवशी दुपारी जमुना विहिरीवरून परतली तेव्हा दादूही बघायला आला.

पाणी दोन बोटं खाली.

राखेत थेंब नाही. वण नाही. उंदराचं पाऊलसुद्धा नाही.

दादू बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मग गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"जमुना, टाकी गळत नाय."

"मंग पानी जातं कुठं?"

त्यानं सुरी आणि लुकणाचा उरलेला गोळा तिथंच सोडला. दारापर्यंत गेला, वळला, गोजराकडे एकदा पाहिलं.

"पोरीला दुपारची एकटी नको ठेवू," एवढं बोलून तो गेला. त्यानंतर तो त्या घराचा उंबरा चढला नाही.

जमुनाचं डोकं चालेना. हिरामणला निरोप धाडला होता, पण निरोप पोचायला आठ दिवस, यायला आणखी चार. गावात वैद्य नाही. सासूला सांगावं तर ती मांत्रिक आणेल, पोरीला निंबाच्या पाल्यानं झोडपेल. पोरगी त्यात टिकायची नाही.

कोणीतरी येतंय आणि माझ्या लेकीच्या जिवातला जीव दोन-दोन बोटं नेतंय. तिला दुसरं काही सुचेचना.

मग तिनं शेवटचा उपाय केला.

टाकीवर बसेल अशी एक फळी आणली. माशांना हवा म्हणून खिळ्यानं दोन बारीक भोकं पाडली. फळी टाकीवर ठेवली आणि दादूनं सोडलेलं लुकण चारी कडांना दाबून दाबून भरलं. वरून पाटा ठेवला. मसाला वाटायचा दगडी पाटा, दोन बायांनी उचलावा असा.

"आता ने पानी," ती दात खाऊन म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाही माहीत नव्हतं.

त्या दुपारी पाणी तसूभरही हललं नाही.

दुसऱ्या दुपारीही नाही.

आणि त्या दोन दिवसांत गोजरा हाताबाहेर गेली. डोळे खोल. जीभ खरखरीत, लाकडासारखी. चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहायची. पेज ओठांतून बाहेर ओघळायची. येसूबाईनं नातीकडे पाहिलं आणि तुळशीचं पान आणून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी जमुना विहिरीवर गेली नाही.

येसूबाई बाजाराला गेली. जमुना दार लोटून गोजराच्या उशाशी बसली. ऊन कौलांवर तापलं. बाहेर कावळासुद्धा बोलत नव्हता.

आणि बाराच्या सुमाराला...

खर्र... खर्र...

आवाज टाकीवरून येत होता.

जमुना बघत राहिली. फळी जागेवर. पाटा जागेवर. टाकीपाशी कुणी नाही. पण फळीच्या कडेचं लुकण दबत होतं. एक खळगा पडला... त्याच्या शेजारी दुसरा... मग तिसरा. बोटाच्या टोकाएवढे. लहान बोटाच्या. ओल्या मातीत पोरं बोटं खुपसतात तसे. लुकणाचे बारीक तुकडे सुटून जमिनीवर पडत होते.



गोधडीवर गोजरा हलली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिचा हात उचलला गेला, टाकीच्या दिशेनं.

"ताई..." ती पुटपुटली. "ताईला उघडत नाय..."

खरवडणं थांबलं.

मग गोजरानं मान वळवली. आईकडे पाहिलं.

"आये, पानी."

जमुना सांगायची, त्यानंतर तिनं काय केलं ते तिला धड आठवत नाही. पाटा एकटीनं कसा ढकलला, सुरीनं लुकण कसं कापलं, हात कुठं कुठं चिरला. हंड्यात पिण्याचं पाणी होतं, तांब्या होता. ती गोजराला मांडीवर घेऊन बसली आणि घोट घोट पाजत राहिली. पोरगी तांब्याच्या काठाला ओठ लावून सोडेना.

त्यातच येसूबाई आली. दारातच थबकली.

"काय करतेस? मारशील पोरीला."

जमुनानं तांब्या खाली ठेवला नाही.

"एक मारली मी, आत्याबाय. पानी न देऊन."

येसूबाईच्या काखेतली रिकामी पाटी गळून पडली. ती भिंतीला पाठ लावून खाली बसली. रात्र झाली तरी ती तिथंच होती. तिनं अडवलं नाही. पहाटे तिनंच चूल पेटवली आणि पाणी उकळून थंड करत ठेवलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरायला लागला. आठवड्यानं हिरामण आला. त्यानं पोरीला बैलगाडीत घालून पनवेलला डॉक्टरकडे नेलं. जमुना सोबत होती. डॉक्टरांनी पोट तपासलं, जीभ पाहिली, किती दिवसांचा ताप ते विचारलं.

"एवढे दिवस असला ताप," ते म्हणाले, "आणि पोर जगली. बाई, तुम्ही पाणी पाजत राहिलात म्हणूनच. कोरडी ठेवली असती तर आठवडाभरात गेली असती."

"मी तर शेवटाला तीन दिस पाजलं, डॉक्टर."

डॉक्टर हसले. "असं होत नाही. कोणीतरी पाजत असणार."

परतीच्या वाटेवर हिरामण गाडी हाकत होता. गोजरा आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली. जमुनानं तिच्या केसांतून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "बाय, तुला कोन पानी देत होतं?"

"ताई. तू विहिरीवर गेलीस का यायची. टाकीतनं ओंजळ भरून."

"रोज?"

"रोज. तू बंद केलंस मंग नाय."

गाडीची चाकं कुरकुरत राहिली. जमुनाला पुढचं विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. खाडीचा वारा लागेपर्यंत तिनं दम धरला.

"ताई माझ्याबद्दल काय बोलली?"

गोजरा आईकडे बघत राहिली.

मग तिनं तोंड दुसरीकडे फिरवलं.

त्या दिवसापासून टाकीतलं पाणी कधी खाली गेलं नाही. पावसाळ्यात मासे गावच्या तळ्यात सोडले. टाकीचं पुढं काय झालं, कुणाला ठाऊक नाही.

आजी जमुना आणखी एकतीस वर्षं जगली. शेवटच्या आजारात तिनं माझ्या आईचा हात धरून तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी तिथं उभी होते. "आता तरी सांग," ती म्हणाली. आईनं तिच्या तोंडात पाणी घातलं, पदरानं तिची हनुवटी पुसली.

सांगितलं नाही.

आई आता सत्तरीला आली आहे. मागच्या वैशाखात, दुपारी, घरात आम्ही दोघीच होतो. मी मन घट्ट करून विचारलं, "आई, मावशी नक्की काय बोलली होती?"

आईनं आधी दाराकडे पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली,

"आता नको. दुपारची वेळ हाय... ती ऐकते."