दार उघडं ठेवणारा

त्या दिवशी नंदकिशोरला ताप आला नसता, तर दुर्गापुऱ्याला मी गेलेच नसते. घरोघरी जाऊन तपासणी करणं त्याचं काम. माझं काम नियम लिहिण्याचं, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

आमची कंपनी जयपूरच्या सीतापुऱ्यात. अमेरिकेतले डॉक्टर रुग्णांबद्दल जे बोलून ठेवत, ते ऐकून आमची माणसं टाइप करत. ब्रॉडबँड जयपुरात नुकतंच घरोघरी पोचत होतं, तेव्हा काही जण हे काम घरून करू लागले आणि नियमांची गरज पडली. माझा पहिलाच नियम होता की कामाच्या खोलीला दार हवं आणि काम चालू असताना ते बंद हवं. ज्याला जमणार नाही त्याने संक्रांतीनंतर ऑफिसात यावं, नाहीतर काम सोडावं.

दुर्गापुऱ्याच्या त्या घराचं तर बाहेरचंही दार उघडंच होतं. आत एक तरुण पाठमोरा बसलेला, कानांवर हेडफोन, पाय टेबलाखालच्या पेडलवर. पेडल दाबलं की आवाज पुढे जातो, सोडलं की थांबतो... पण लांबून वाटलं, शिवणयंत्रच चालवतोय. कॉम्प्युटरच्या वर दाढीचा छोटा आरसा टांगलेला. त्या आरशातून दोन डोळ्यांनी मला पाहिलं आणि एक बोट वर झालं – थांबा. मी तपासायला आलेली, आणि थांबायचं मीच!

पलीकडच्या खोलीत पलंगावर एक काका पडून होते. त्या खोलीचंही दार सताड उघडं. काकांनी डावा हात उचलून जवळच्या खुर्चीकडे खूण केली. मी मुकाट्याने बसले, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"नंदकिशोरजी इतके छान कधीपासून दिसायला लागले?" हेडफोन काढत तो हिंदीत म्हणाला.

"मी ऋचा देशमुख. नियम मी लिहिलेत."

"अरे वा, मराठी! मी कौस्तुभ. आम्ही सांगलीचे. तुम्ही कुठल्या?"

"इथलीच. मतलब... बाबा अकोल्याचे, बँकेत होते. मी तिलक नगरची." मग मी आवाज कडक केला. "हे दार बंद असायला हवं."

तो हसायचा थांबला. "बंद केलं तर बाबा दिसत नाहीत. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना हाक मारता येत नाही. काही हवं असलं की हात वर करतात. म्हणून तर हा आरसा. आई असती तर गोष्ट वेगळी होती... ऑफिसात मी येऊ शकत नाही, मॅडम."

"नियम सगळ्यांना सारखाच आहे," मी म्हटलं आणि निघाले. रिक्षात बसल्यावर स्वतःचाच आवाज कानात वाजत राहिला, आणि तो मला मुळीच आवडला नाही.

दोन दिवस कशात लक्ष लागेना. नियम पुन्हा वाचला. दार कशाला हवं होतं? रुग्णाची गोष्ट दुसऱ्या कुणाच्या कानावर किंवा नजरेस पडू नये म्हणून. मग दाराचा एवढा हट्ट का?

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा तिथे हजर. "काम चालू करा," कौस्तुभला सांगितलं आणि काकांच्या उशाशी जाऊन कान दिला. काही ऐकू आलं नाही. कॉम्प्युटरचा पडदा मात्र दिसत होता. "टेबल फिरवू या."

आम्ही दोघांनी ते ओढलं. आता पडद्याची पाठ काकांकडे आणि कौस्तुभचं तोंड त्यांच्याकडे; बाहेरचं दार तेवढं अजूनही त्याच्या नजरेआड.

"मान दुखायची थांबेल माझी," तो म्हणाला. "इतके दिवस सुचलंच नाही."

"आता आरसा काढून टाका."

"राहू दे ना... दाराशी कोण येतं ते दिसतं." एवढं बोलून तो वायर सारखी करण्यात फारच गुंतला. मीही खिडकीबाहेर पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

आमच्या मॅनेजरशी, माथुर सरांशी, मी तासभर भांडले. शेवटी ते म्हणाले, "बेटा, किसी एक के लिए नियम नहीं बदलते." मी म्हटलं, "चुकलेला नियम सगळ्यांसाठीच बदलू या." त्यावर ते नव्या नियमांवर सही करून मोकळे झाले.

संक्रांतीला सगळं जयपूर पतंग उडवायला गच्चीवर होतं. 'वो काटा'च्या आरोळ्यांत, तिळगुळाचा डबा आणि नवे नियम घेऊन मी दुर्गापुऱ्याला पोचले. कौस्तुभने पहिला नियम वाचला, दार बंद ठेवण्याची अट गेलेली पाहिली, आणि तो नियम काकांना मोठ्याने वाचून दाखवला. मग शेवटच्या नियमाशी अडखळला.

"'तपासणी करणारा कर्मचाऱ्याच्या नात्यातला नसावा.' हा आधी नव्हता. कुणी घातला?"

"मी."

"घरून काम करणारं कुणी आहे तुमच्या नात्यात?"

"अजून... नाही."

मी तिळगुळाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

"मग पुढच्या वेळी नंदकिशोरजी येणार," तो हळूच म्हणाला. "आणि तुम्ही?"

"मी येईन. मतलब... तपासायला नाही."

तेवढ्यात काकांचा हात वर झाला. "पाणी हवंय, बाबा?" कौस्तुभ उठलाच. काकांनी नाही अशी मान हलवली आणि मला खुर्चीकडे बोट दाखवलं. या वेळी मी पर्स खाली ठेवली आणि ऐसपैस बसले.