पान्ह्यातली हरिणी

ज्येष्ठातली पहाट. हिरडगडाच्या कड्यावरून धुकं खाली उतरत होतं, आणि पायथ्याच्या माळावर पसरलेल्या सरदार सर्जेराव खळाट्यांच्या पातशाही छावणीतून चुलींचा धूर वर चढत होता. वाऱ्यानं तो धूर थेट गडाच्या सदरेपर्यंत यायचा, आणि चार महिने वेढ्यात कोंडलेली साठ माणसं नाकं वर करून भाकरीचा वास घेत उभी राहायची. जे तोफांना साधलं नव्हतं, ते त्या वासानं साधत आणलं होतं.

किल्लेदार पहिल्याच हल्ल्यात पडले. त्यांच्यामागं गड राखला त्यांच्या आईनं, जाणाऊनं. बाईच्या जिभेला अशी धार, की शिबंदीतले मिशाळ गडी शत्रूच्या गोळीला छाती द्यायचे आणि तिची हाक आली की खांबाआड व्हायचे. अंबारखान्यात दोन दिवसांची नाचणी उरली होती, हे तिला ठाऊक होतं. खळाट्यांना ते ठाऊक नव्हतं. गड भरलेला की रिता, एवढं कळलं की पावसाळ्याआधी उठायचं की छपरं घालून बसायचं, हे ते ठरवणार होते.

त्या पहाटे जाणाऊनं देवीच्या गुरवाला, येसबाला, बोलावलं. "शिकार आण."

"आऊसाहेब, मी? मी मुंगीवरून पाय उचलून जाणारा माणूस!"

"मग आज हरणावरून उचलू नकोस. शिकारी होते ते सरणावर गेले, आणि सिदोजी हवालदाराचा हात मोडलाय. कड्याच्या पोटातली वाट तुझ्याखेरीज ठाऊक कुणाला? बेल तोडायला रोज उतरतोस ना? आज धनुष्य घेऊन उतर."

येसबा उतरला, तो एका गोष्टीसाठी. त्याची बायको कोंडाई हिचं दूध उपासानं आटलं होतं, आणि सहा महिन्यांची गोजी गडावरल्या एकुलत्या शेळीच्या पावशेर दुधावर तगून होती. कोंडाईच्या पोटात चार घास मांस गेलं, तर पोरीला आईचं दूध मिळेल. गुरवाच्या घरात आजवर मांस शिजलं नव्हतं; पण पोरीचे काडीसारखे हात आठवले आणि तो पुढं सरकला.

भेकराची मादी झऱ्यावर उभी होती. रोज बेल तोडताना तो तिला पाहायचा, तीही त्याला पाहायची. म्हणूनच आजही ती पळाली नाही. सिदोजीनं शिकवलं तसा त्यानं श्वास रोखला, आणि बाण सुटताना मनात देवीला मागणं घातलं ते नेम चुकावा म्हणून. पण नवख्याचा हात, मेला, नको तिथंच नेमका निघतो.

ती लगेच मेली नाही. तो जवळ गेला तेव्हा तिचे कान हलत होते, आणि डोळ्यांत ना राग होता, ना ओळख; नुसता तो दिसत होता, लहान, ओणवा. सुरी चालवावी लागली. देवीची सगळी स्तोत्रं त्याला पाठ, पण त्या घटकेला म्हणायला एक शब्द सापडला नाही. "झालं, झालं" एवढंच तो पुटपुटत राहिला, तापल्या लेकराला थोपटावं तसं. तिला उचलायला पोटाखाली हात घातला तो ओला झाला. रक्त समजून त्यानं पाहिलं. हात पांढरा होता.

मग करवंदीची जाळी हलली, आणि चार काटक्यांवर उभं असलेलं पाडस बाहेर आलं.

मादी खांद्यावर आणि पाडस काखेत घेऊन येसबा वर आला, तशी गडावर माणसं धावली. कुणी चूल पेटवायला, कुणी नुसतंच बघायला. सिदोजीनं मात्र मादी उताणी केली आणि कपाळावर हात मारला.

"गुरवा, काय केलंस रे! अंगावर दूध असलेली मादी! या खोऱ्यात चोरटा शिकारीसुद्धा तिच्यावर बाण टाकत नाही."

"मला कसं कळावं, काका? मला कोण सांगणार?"

"चूल विझवा," जाणाऊ म्हणाली. सगळे थबकले. "ही गडावर शिजणार नाही. साठ तोंडांना एक दिवस पुरेल, मग उद्या काय, धोंडे खाल? ही अशीच अख्खी खळाट्यांच्या मुदपाकखान्यात नजराणा म्हणून जाईल. ज्यांच्याकडं वाटायला मांस आहे, त्यांना वेढून बसण्यात काय हशील, हे त्यांचं ते समजतील."

"आऊसाहेब, खळाटे जातिवंत शिकारी," सिदोजी हळूच म्हणाला. "कास बघतील आणि ओळखतील. अशी मादी उपाशी माणूसच मारतो."

जाणाऊ पुढं आली. तिनं पाडसाकडं पाहिलं, मग येसबाकडं. आणि जे सांगायचं ते त्याच्या कानात सांगितलं. ऐकताना त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"आणि हे सांगताना रडलास," ती मोठ्यानं म्हणाली, "तर साठ माणसं मेली म्हणून समज."

छावणीत खळाट्यांनी नजराणा पाहिला, वाकून कास दाबली, आणि त्यांच्या ओठांवरचं हसू मावळलं. "इतकी भूक लागलीय गडाला?"

"भूक कसली, सरकार?" येसबा म्हणाला. "आऊसाहेबांच्या नातीला खेळायला पाडस हवं होतं. आई जवळ फिरकू देईना, म्हणून आई मारली. पाडस वर वाटीनं दूध पितंय, दुभतं रगड आहे. मांस टाकून कशाला द्यायचं, म्हणून आपल्याकडं आणलं." आणि तो हसला. तसं हसणं त्याला पुढं उभ्या जन्मात जमलं नाही.

खळाटे त्याच्याकडं किळसेनं पाहत राहिले. "गुरव ना तू? पोराच्या खेळासाठी? चल, दाखव ते पाडस."

दगा होणार नाही अशी बेलभंडाऱ्याची आण घेऊन ते पाच स्वारांनिशी महादरवाजापर्यंत आले. वरून जाणाऊनं मुजरा स्वीकारला, जणू लेकीच्या लग्नाला पाहुणे आले होते. येसबानं वाटी आणली. तिच्यात शेळीचं पावशेर दूध होतं, गोजीचं. पाडस वाटीला तोंड लावीना. मान फिरवून उभं राहिलं. बुरजावर साठ माणसांचा श्वास अडकला. येसबानं बोट दुधात बुडवून पुढं केलं; त्या हाताला अजून त्याच्या आईचा वास असावा, कारण पाडसानं बोट तोंडात घेतलं आणि डोळे मिटून ओढू लागलं.

आत, देवडीच्या भिंतीआड, कोंडाईनं पोरीचं तोंड छातीशी दाबून धरलं होतं. रडणं बाहेर जाऊ नये म्हणून.

"माझा माणूस तीन दिवस इथं उभा राहील," खळाटे म्हणाले. "रोज दोन वेळा दूध पाजताना पाहील. आईसाहेब, गड तुमचा भरलेला असेल. पण मन रितं आहे."

जाणाऊची नजर खाली गेली. जन्मात पहिल्यांदाच.

तीन दिवस, दोन वेळा, येसबानं शत्रूच्या माणसापुढं पाडसाला दूध पाजलं. दोन दिवसांची नाचणी गडानं चार दिवस पुरवली; गोजीला तिचं नुसतं धुवण मिळालं. दुसऱ्या दिवशी तिनं रडणं थांबवलं, आणि लोक म्हणाले, बरं झालं, शहाणी पोर. चौथ्या दिवशी उजाडताच छावणीचे तंबू उतरले. गडावर नगारा झडला. त्या नगाऱ्यात कोंडाईची किंकाळी कुणाला ऐकू आली नाही.

धान्य वर आलं. जाणाऊ स्वतः तबकात सोन्याचं कडं आणि मंदील घेऊन गुरवाच्या दारी आली. येसबा बोचकं बांधत होता.

"येसबा, देवीला वाऱ्यावर सोडणार?"

"आऊसाहेब, कोणत्या हातानं तिला फूल वाहू? दोन्ही बघितलेत मी."

"ते पाप माझं आहे. माझ्या शब्दावर झालं."

"शब्द तुमचा होता. ऊब माझ्या हाताला लागली."

त्यानं पाडसाला उंबऱ्यात ठेवलं. कोंडाईनं ते उचललं आणि पदराखाली घेतलं.

"त्याला राहू दे गं," येसबा तोंड फिरवून म्हणाला. "मला बघवत नाही."

"नका बघू," ती म्हणाली. "त्याची आई तुम्ही मारलीत, माझी लेक त्याच्यापायी गेली. दोघींत मिळून एक पोर तरी जगू द्या."

दोघं महादरवाजातून खाली उतरली. जाणाऊ तबक हातात धरून उभी राहिली. तटावर सगळा गड जमला होता. पण 'थांबा' म्हणायला कुणाचं तोंड उघडलं नाही. चार महिन्यांनी प्रथमच प्रत्येकाच्या पोटात ऊन ऊन भात होता.